घरगुती संगणकावरील व्हायरसचा उपद्रव आणि ‘फॉरमॅट’चा उपाय : खानदेशातील खाजगी दप्तरांच्या दृष्टीने एक विवेचन

१. विषयप्रवेश

इतिहासाची साधने कशी नष्ट होतात ह्याचा विचार करताना आपल्याकडे आग, पूर, वाळवी, कसर आणि वारसांची अनास्था ही कारणे सामान्यतः सांगितली जातात. गेल्या पंचवीस वर्षांत त्यांत आणखी एका कारणाची भर पडली आहे. तिची नोंद इतिहासाच्या अभ्यासकांनी अद्याप पुरेशा गांभीर्याने घेतलेली दिसत नाही. घरच्या संगणकास व्हायरस लागल्यावर त्यावर जो उपाय करण्यात येतो, तो उपाय हेच ते कारण होय. येथे ‘उपाय’ हा शब्द हेतुपूर्वक योजिला आहे. व्हायरसने जितके कागद नेले त्याहून अधिक कागद, निदान तालुक्याच्या गावी तरी, उपायाने नेले असावेत, असे प्रस्तुत लेखकास वाटते. ह्या मताची कारणे मांडणे आणि उपायाचा योग्य क्रम कोणता हे सांगणे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

ज्या प्रसंगावरून हा विचार सुचला तो प्रारंभीच सांगणे सोयीचे होईल. जळगाव जिल्ह्यातील गिरणाकाठच्या भडगाव येथे एका निवृत्त शिक्षकांच्या घरी जाण्याचा योग काही वर्षांपूर्वी आला. ह्या गृहस्थांनी आपल्या मातोश्रींच्या तोंडून ऐकलेल्या अहिराणी ओव्या आणि घराण्याचा कुलवृत्तांत संगणकावर स्वहस्ते टंकलिखित केला होता. सन २००९ च्या सुमारास त्यांच्या संगणकात ‘न्यू फोल्डर’ नावाचा व्हायरस शिरला. सर्व फोल्डर एकाएकी नाहीसे झाले आणि त्यांच्या जागी त्याच नावाच्या भलत्याच फायली दिसू लागल्या. दुरुस्ती करणाराने तासाभरात ‘फॉरमॅट मारून’ यंत्र पूर्ववत् चालू करून दिले. यंत्र वाचले, ओव्या मात्र गेल्या. पुढे आठवडाही उलटला नाही तोच तोच व्हायरस पुन्हा प्रकट झाला. मातोश्री तोवर निवर्तल्या होत्या. त्यामुळे पुन्हा विचारून लिहिण्याचा मार्गही उरला नव्हता.

दुरुस्ती करणारास दोष देण्यासाठी ही हकीकत येथे सांगितलेली नाही. त्याने केले तेच त्या काळी सर्वत्र केले जात होते. ते तसे का केले जात होते, हा खरा ऐतिहासिक प्रश्न आहे.

२. रोगाचा पूर्वेतिहास

स्वतःची प्रतिकृती स्वतःच निर्माण करणारे यंत्र तत्त्वतः शक्य आहे, हा विचार जॉन फॉन नॉयमन ह्या गणितज्ञाने १९४० नंतरच्या दशकात मांडला. १९७१ साली अमेरिकेतील आर्पानेट ह्या संगणकजालावर बॉब थॉमस ह्यांनी ‘क्रीपर’ नावाची आज्ञावली सोडली. ती एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर जात असे, पण कोणाचे काही बिघडवीत नसे. तिला हुडकून नष्ट करण्यासाठी ‘रीपर’ नावाची दुसरी आज्ञावली रचण्यात आली. रोग आणि उपाय ह्यांची ही पहिली जोडी होय.

१९८३ साली फ्रेड कोहेन ह्यांनी अशा आज्ञावलीचे प्रयोग करून दाखविले आणि पुढील वर्षी प्रसिद्ध केलेल्या निबंधात ‘व्हायरस’ ह्या संज्ञेची शास्त्रीय व्याख्या केली. प्रत्येक व्हायरस अचूक ओळखील अशी सर्वसमर्थ आज्ञावली रचणे तत्त्वतःच अशक्य आहे, असेही त्यांनी सिद्ध केले. त्याच वर्षी केन थॉम्प्सन ह्यांनी ट्युरिंग पारितोषिकाच्या व्याख्यानात आणखी एक अडचण दाखवून दिली. ज्या साधनाने आपण तपासणी करतो ते साधनच दूषित असेल, तर तपासणीचा निर्वाळा निरर्थक ठरतो. ही दोन्ही तत्त्वे पुढील विवेचनात उपयोगी पडणार असल्याने ती येथे नमूद केली आहेत.

आपल्या उपखंडाचा ह्या इतिहासाशी संबंध १९८६ साली आला. लाहोर येथील बासित आणि अमजद फारूक अल्वी ह्या दोघा बंधूंनी रचलेला ‘ब्रेन’ हा व्यक्तिगत संगणकावर पसरलेला पहिला व्हायरस मानला जातो. त्यात त्यांनी आपले नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांकही घातला होता. ब्रेन हा फ्लॉपीच्या प्रारंभीच्या भागात, म्हणजे ‘बूट सेक्टर’मध्ये, ठाण मांडी आणि तेथील मूळ मजकूर उचलून फ्लॉपीवरच दुसरीकडे ठेवी. ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे. मूळ मजकूर नष्ट झालेला नसून केवळ स्थलांतरित झालेला असे. अर्थात तो परत जागेवर आणून ठेवला की रोग बरा होत असे. फ्लॉपीवरील कागदपत्रांना धक्का लावण्याचे कारणच नव्हते.

३. पुण्यातील उपचार

महाराष्ट्रात ह्या उपचाराचा व्यवसाय उभा राहिला तो पुण्यास. मूळचे सातारा जिल्ह्यातील कैलास काटकर हे कॅल्क्युलेटर आणि तत्सम यंत्रे दुरुस्त करण्याचे काम करीत. त्यांचे धाकटे बंधू संजय हे पुण्याच्या मॉडर्न महाविद्यालयात संगणकशास्त्राचे विद्यार्थी होते. दुरुस्तीस येणाऱ्या संगणकांपैकी अनेकांचा बिघाड यंत्रातला नसून व्हायरसचा आहे, असे ह्या बंधूंच्या ध्यानात आले. त्या काळी ‘मायकेलँजेलो’ ह्या व्हायरसचा मोठा बोलबाला होता. ६ मार्च ह्या दिवशी संगणक सुरू केला की तो हार्ड डिस्कच्या प्रारंभीचा भाग पुसून टाकी. १९९२ साली ह्या तिथीच्या सुमारास जगभर घबराट उडाली होती. संजय काटकर ह्यांनी अशा व्हायरसांवर लहान लहान आज्ञावल्या लिहिल्या आणि त्यांतूनच १९९५ साली ‘क्विक हील’ हे उत्पादन बाजारात आले. ‘कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस’ ह्या मूळ संस्थेचे नाव २००७ साली ‘क्विक हील टेक्नॉलॉजीज’ असे झाले.

ह्या पहिल्या पिढीच्या उपचाराचे मर्म असे की, रोग वेगळा काढावयाचा आणि कागद राखावयाचा. दुरुस्तीच्या दुकानात जन्मलेल्या उपचारास गिऱ्हाइकाचा मजकूर परत करण्याची जबाबदारी ठाऊक होती. व्हायरस थोडे होते, ते महिनोन्महिने फ्लॉपीवरून फिरत आणि प्रत्येकाची लक्षणे ओळखीची होती. म्हणून हा उपचार चालला. २६ एप्रिल १९९९ रोजी ‘सीआयएच’ ऊर्फ ‘चेर्नोबिल’ ह्या व्हायरसने आशियातील असंख्य यंत्रांच्या हार्ड डिस्क पुसल्या आणि काही यंत्रांतील बायॉसही निकामी केला. पुढील वर्षी मे महिन्यात ‘आय लव्ह यू’ने ईमेलद्वारा पसरून घरोघरच्या छायाचित्रांच्या फायलींवर आपली प्रत लिहिली. तेव्हापासून जुन्या उपचारास मर्यादा आल्या.

४. तालुक्याच्या गावी संगणक

मुंबई-पुण्याबाहेर संगणक घरात आला तो मुख्यतः २००० नंतर. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना २००१ साली झाली आणि त्यानंतर सुरू झालेल्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने तालुक्याच्या गावीही संगणक-शिक्षणाची केंद्रे उभी राहिली. शासकीय कर्मचाऱ्यांस संगणक-अर्हता आवश्यक झाल्याने शिक्षक, तलाठी, लिपिक हे वर्गात बसले आणि त्यांतील अनेकांनी पुढे घरीही संगणक घेतला. तो बहुधा सुटे भाग जुळवून तयार केलेला, म्हणजे ‘असेंबल’ केलेला असे. त्यावरील विंडोज एक्सपी ही प्रणाली पुष्कळदा परवान्याविना चढविलेली असे. परवाना नसल्यामुळे सुधारणा येत नसत आणि सुधारणा न आल्याने उघडी राहिलेली दारे उघडीच राहत.

ह्या गावांत इंटरनेटची गती अल्प होती. म्हणून संसर्ग तारेवाटे न होता खिशातून झाला. छायाचित्रकाराचा स्टुडिओ, लग्नपत्रिका छापणारे डीटीपीचे दुकान, झेरॉक्सचे दुकान, सायबर कॅफे आणि शाळेतील संगणक-कक्ष ह्या पाच ठिकाणी एकच पेन ड्राइव्ह फिरे. पेन ड्राइव्ह लावताच त्यातील आज्ञावली आपोआप चालविण्याची ‘ऑटोरन’ ही सोय विंडोजमध्ये होती. व्हायरस लिहिणारांनी तिचा पुरेपूर फायदा घेतला. जुन्या विंडोजमधील ही सोय फेब्रुवारी २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने नियमित सुधारणांद्वारे बंद केली. पण ज्यांच्याकडे सुधारणा पोचतच नव्हत्या, त्यांना तिचा काय उपयोग?

आता ‘न्यू फोल्डर’ जातीच्या व्हायरसांची कार्यपद्धती पाहू. ते मूळ फोल्डर नष्ट करीत नसत, तर त्यावर ‘अदृश्य’ अशी खूण करीत आणि त्याच नावाची, फोल्डरचेच चित्र धारण केलेली स्वतःची प्रत तेथे ठेवीत. फायलीच्या नावाचा शेवटचा भाग विंडोज मुळातच दाखवीत नसे, म्हणून ते सोंग उघडे पडत नसे. वापरणारास वाटे, आपले सर्व गेले. वस्तुतः सर्व जागच्या जागीच असे. ‘अॅट्रिब’ ही साधी आज्ञा देऊन अदृश्यतेची खूण काढली असती, तर ते पुन्हा दिसू लागले असते.

अशा स्थितीत ‘फॉरमॅट’ हा उपाय प्रचारात का आला? त्याची कारणे बरीचशी आर्थिक आहेत. एकेका फायलीची तपासणी करण्यास दिवस मोडे, तर फॉरमॅट करून विंडोज पुन्हा चढविण्यास तास-दीड तास पुरे. मोबदला दोन्हींचा सारखाच. त्यातच त्या वर्षांत ग्रामीण महाराष्ट्रात भारनियमन कडक होते. वीज अकस्मात गेल्याने प्रणाली बिघडली तरी तो बिघाड व्हायरसच्याच नावे मांडला जाई आणि उपायही तोच होई.

ह्या उपायातील खरा विरोधाभास हार्ड डिस्कच्या विभागणीत आहे. हार्ड डिस्कचे ‘सी’, ‘डी’, ‘ई’ असे भाग पाडण्याची प्रथा होती. विंडोज ‘सी’मध्ये असे, म्हणून फॉरमॅट केवळ ‘सी’चा होई. परंतु ‘माय डॉक्युमेंट्स’ आणि डेस्कटॉप, म्हणजे सामान्य माणूस जेथे आपले लेखन ठेवतो त्या दोन्ही जागा, ‘सी’मध्येच होत्या. उलटपक्षी गाणी आणि चित्रपट ‘डी’मध्ये असत आणि व्हायरसने आपल्या प्रती तेथील प्रत्येक फोल्डरमध्ये पेरून ठेवलेल्या असत. परिणामी फॉरमॅटने लेखन गेले आणि व्हायरस राहिला. भडगावच्या त्या घरी आठवड्यात रोग उलटला, त्याचे कारण हेच.

फॉरमॅटने आणखी एक हानी झाली. तिचा बोध पुष्कळांना फार उशिरा झाला. देवनागरी लिपी युनिकोडमध्ये १९९१ पासून असली, तरी तालुक्याच्या गावी कित्येक वर्षे मराठी टंकलेखन जुन्या, परस्परांशी न जुळणाऱ्या फॉन्टांतच चालू होते. अशा फायलीत अक्षरे नसतात. इंग्रजी चिन्हांच्या जागा असतात आणि विशिष्ट फॉन्ट असेल तरच त्या मराठीत दिसतात. फॉरमॅटबरोबर फॉन्टही जात. मग कोठे एखादी प्रत उरली असली तरी ती उघडताच निरर्थक चिन्हांची रांगोळी दिसे आणि ‘फाइल खराब झाली’ असे समजून तीही पुसली जाई. मोडी वाचणारा मिळाला नाही म्हणून रद्दीत गेलेल्या दप्तरांचीच ही नवी आवृत्ती होय.

५. खंडणीचे युग

२०१३ सालच्या ‘क्रिप्टोलॉकर’पासून रोगाचे स्वरूप पालटले. आता व्हायरसने यंत्र बिघडविण्याचे सोडून कागदच ओलीस धरले. फायली कूटबद्ध करून किल्लीसाठी खंडणी मागण्यात येऊ लागली. १२ मे २०१७ रोजी पसरलेल्या ‘वॉनाक्राय’ने जगभर धुमाकूळ घातला. ज्या उणिवेतून तो शिरला तीवरील सुधारणा मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, १४ मार्च रोजी, प्रसृत केली होती. त्याच वर्षी २७ जून रोजी ‘नॉटपेट्या’च्या आघाताने न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम विस्कळित झाले. पुढील वर्षी ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून सायबर हल्ल्याद्वारे सुमारे ९४ कोटी रुपये काढले गेले.

घरगुती संगणकांपुरते पाहिले तर अधिक उपद्रव ‘स्टॉप’ ऊर्फ ‘डीजेव्हीयू’ ह्या जातीचा झाला. ही जात २०१८ पासून पसरली आणि तिचा मुख्य मार्ग म्हणजे फुकट मिळणाऱ्या चोरीच्या आज्ञावल्या. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये तिच्या अनेक जुन्या प्रकारांवर फायली सोडविण्याचे साधन विनामूल्य उपलब्ध झाले. ज्यांनी कूटबद्ध फायली जपून ठेवल्या होत्या त्यांतील कित्येकांस त्या परत मिळाल्या. ज्यांनी घाईने फॉरमॅट केला त्यांना किल्ली सापडूनही उपयोग नव्हता. यंत्रापेक्षा मजकूर श्रेष्ठ, ही गोष्ट खंडणीखोरांना आधी कळली आणि आपल्याला नंतर, असे म्हणावे लागते.

६. उपायाचा योग्य क्रम

उपरिनिर्दिष्ट इतिहासावरून उपायाचा क्रम निश्चित करता येतो. फॉरमॅट सर्वस्वी त्याज्य आहे असा ह्याचा अर्थ नव्हे. कोहेन आणि थॉम्प्सन ह्यांच्या सिद्धान्तांनुसार दूषित यंत्रावर चालविलेल्या तपासणीवर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. म्हणून प्रणाली समूळ पुसून नव्याने चढविणे हाच अखेरचा खात्रीचा मार्ग होय. आक्षेप आहे तो त्याच्या स्थानाविषयी. तो चौथ्या पायरीवर हवा, पहिल्या नव्हे.

पहिली पायरी विलगीकरणाची. संगणकाचे इंटरनेट तोडावे, पेन ड्राइव्ह व बाहेरील डिस्क काढून घ्याव्यात. फायलींची नावे डोळ्यांदेखत बदलत असतील तर यंत्र तत्काळ बंद करावे. १८९६ च्या प्लेगानंतर गावाबाहेर झोपड्या घालून राहण्याचा जो प्रघात पडला, त्यामागील तत्त्व हेच होते.

दुसरी पायरी किल्ल्या बदलण्याची. हे काम दूषित संगणकावरून कदापि करू नये, दुसऱ्या निर्दोष यंत्रावरून करावे. प्रथम ईमेलचा पासवर्ड बदलावा, कारण इतर सर्व खात्यांचे पासवर्ड ईमेलवाटेच पुन्हा मिळविता येतात. नंतर बँकेचा आणि मग इतर. प्रत्येक खात्यातून सर्व यंत्रांवरील प्रवेश रद्द करावा आणि द्विस्तरीय पडताळणी चालू करावी. पैसे गेले असल्यास बँकेस कळवून १९३० ह्या राष्ट्रीय क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी. संगणकात व्हायरस सोडणे हे २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ४३ व ६६ खाली येते, म्हणून खंडणीचा संदेश पुरावा म्हणून राखून ठेवावा.

तिसरी पायरी दप्तर बाहेर काढण्याची. हिच्याकडेच आजवर सर्वाधिक दुर्लक्ष झाले. दूषित विंडोज सुरूच न करता, दुसऱ्या यंत्रावर तयार केलेल्या लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून संगणक चालू करावा आणि लेख, छायाचित्रे व ध्वनिफिती कोऱ्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात. ‘सी’मधील डेस्कटॉप व डॉक्युमेंट्स विसरू नयेत, अदृश्य फोल्डर पाहावेत आणि फॉन्टांचा फोल्डर अवश्य घ्यावा. आज्ञावल्या मात्र एकही घेऊ नये. फाइल उघडत नाही म्हणून ती टाकून देऊ नये. कूटबद्ध फायलीही जशाच्या तशा ठेवाव्यात. आधीच फॉरमॅट झाला असल्यास त्या डिस्कवर काहीही नवे लिहू नये. साध्या जलद फॉरमॅटने जुन्या धाटणीच्या हार्ड डिस्कवर केवळ अनुक्रमणिका नव्याने मांडली जाते. पाने पुष्कळदा शिल्लक असतात आणि ती मिटतात ती वर नवे लिखाण झाल्यावर. नव्या एसएसडीच्या बाबतीत एवढी आशा बाळगता येत नाही.

चौथी पायरी पुसण्याची. येथे अर्धवटपणा नको. ‘सी’, ‘डी’, ‘ई’ सर्व भाग काढून टाकावेत आणि निर्दोष यंत्रावर तयार केलेल्या माध्यमावरून अधिकृत प्रणाली चढवावी. ती प्रणाली आजही सुधारणा मिळणारी असावी. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे.

पाचवी पायरी पुनःस्थापनेची आणि रक्षणाची. प्रथम सर्व सुधारणा घ्याव्यात, मग वाचविलेले दप्तर तपासून परत आणावे. रोजच्या कामासाठी मर्यादित अधिकारांचे खाते ठेवावे आणि फायलींच्या नावांचा शेवटचा भाग दिसेल अशी व्यवस्था करावी. चोरीच्या आज्ञावलीस घरात थारा देऊ नये. भारत सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राने २०१७ पासून तपासणीची साधने विनामूल्य ठेविली आहेत, त्यांचाही लाभ घ्यावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक लेखाच्या तीन प्रती, दोन निरनिराळ्या माध्यमांवर आणि त्यांतील एक घराबाहेर, हा नियम पाळावा. निदान एक प्रत संगणकास न जोडलेली असावी. जोडलेली प्रत व्हायरसलाही मोकळीच असते.

७. समारोप

खानदेशास दप्तररक्षणाची परंपरा नवी नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ह्यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे निधन झाले आणि त्यांच्या संग्रहाच्या रक्षणासाठी त्याच नगरीत त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. समर्थ वाङ्मयाची बाडे शंकर श्रीकृष्ण देव ह्यांनी गावोगावच्या मठांतून धुळ्यास आणून ठेवली. ह्या मंडळींच्या हाती आलेले कागद निरोगी होते असे नव्हे. कसर लागलेले, वाळवीने खाल्लेले, भिजून एकमेकांस चिकटलेले रुमाल त्यांनी सोडविले, वाळविले आणि नकलून काढले. कसर लागली म्हणून दप्तर जाळावे असे त्यांच्यापैकी कोणास सुचले नाही.

आपल्या पिढीत मात्र तसे घडले, आणि ते कोणाच्या दुष्टाव्याने नव्हे तर केवळ सवयीने घडले. सुमारे २००० ते २०१५ ह्या काळातील तालुक्याच्या गावांचा इतिहास उद्या कोणी लिहू लागेल तेव्हा त्यास पतसंस्थांचे अहवाल, शाळांची स्मरणिका-हस्तलिखिते, कुलवृत्तांत, पत्रव्यवहार आणि लोकगीतांचे संग्रह फार विरळ आढळतील. त्या विरळपणाचा अर्थ लोक लिहीत नव्हते असा त्याने करू नये, म्हणून ही नोंद येथे करून ठेवली आहे. स्थानिक इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी क्षेत्रकार्यास जाताना जुन्या वह्यांबरोबर माळ्यावरचे जुने संगणक, सीडी आणि फ्लॉपी ह्यांचीही विचारपूस करावी आणि त्या ‘खराब’ आहेत ह्या उत्तरावर समाधान मानू नये.

भडगावच्या त्या गृहस्थांकडे अशीच विचारपूस केली असता, कुलवृत्तांत छापण्याच्या इराद्याने डीटीपीच्या दुकानास दिलेली एक सीडी कपाटात निघाली. तीवरील फाइल उघडताच नुसती इंग्रजी चिन्हे दिसली. फाइल खराब झाली आहे असे त्यांचे मत होते. त्या दुकानातील जुन्या यंत्रावर मूळ फॉन्ट मिळाला आणि तो चढविताच चिन्हांची अहिराणी झाली. कुलवृत्तांताचा पूर्वार्ध आणि जात्यावरच्या ओव्यांचा काही भाग येणेप्रमाणे हाती आला, उरलेला आला नाही. जे मिळाले ते युनिकोडमध्ये उतरवून त्याच्या तीन प्रती करण्यात आल्या आहेत. त्यांतील एक कागदावर आहे.